काझींचा कागद आणि कोर्टाची तारीख

एका ताईंनी मला वकील म्हणून पाठवलेलं पत्र मोठं आहे, त्यातला गाभा तेवढा देते.

‘मॅडम, माझं लग्न होऊन सात वर्षं झाली. पाच वर्षांची मुलगी आहे. नवऱ्याच्या मारहाणीला आणि सासूच्या बोलण्याला कंटाळून मी माहेरी आले, त्याला एकोणीस महिने झाले. तेव्हापासून त्याने एक रुपया पाठवलेला नाही. त्यानेच दारुल कझामध्ये, म्हणजे काझी निवाडा देतात तिथे, अर्ज केला. पहिल्या तारखेला मी अब्बांबरोबर गेले. दुसऱ्या वेळी मुलीला ताप होता म्हणून गेले नाही. मग पोस्टाने ‘फैसला’ आला. त्यात लिहिलंय की मी सासरी नांदायला जावं, नाहीतर नाशिझा (अवज्ञा करणारी बायको) ठरेन आणि खर्चावरचा हक्क जाईल. खुला (बायकोने मागितलेली निकाहातून सुटका) हवा असेल तर मेहर (निकाहात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम) सोडावी लागेल. मुलगी सात वर्षांची झाली की बापाकडे द्यायची. आम्ही सुन्नींतल्या हनफी पंथाचे. मी पाच वेळची नमाजी आहे. अब्बा म्हणतात, काझीसाहेबांचा शब्द मोडून अल्लाहला काय तोंड दाखवणार? भाऊ म्हणतो, फाडून टाक. अब्बांचं असंही म्हणणं की बाहेरच्या देशांत काझींच्या कोर्टाला सरकार मानतं, मग इथे आपण का मानू नये? जमातीतले दोघे-तिघे सांगून गेले की कोर्टात गेलात तर तुमच्या घरच्या मयतीला कोणी येणार नाही. हा कागद खरा की कोर्ट खरं?’

ताई, भावाला आधी थांबवा. कागद फाडायचा नाही. का ते पुढे सांगते.

कागद खोटा नाही. वरचा शिक्का, क्रमांक, ‘मुद्दई’ (वादी) आणि ‘मुद्दाअलैह’ (प्रतिवादी) अशी दोघांची नावं, खाली काझींची सही, हे सगळं पाहून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण तुमच्या नवऱ्याने हा कागद घेऊन पोलीस ठाणं गाठलं आणि ‘हिला माझ्या घरी आणून सोडा’ म्हटलं, तर ठाणे अंमलदार त्यावर काहीही करू शकत नाही. कोर्टात दाखल करून त्याची अंमलबजावणी मागितली, तर कोर्टही ती करणार नाही. ७ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं. दारुल कझा कायद्याने स्थापन झालेली नाही, तिच्या निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा नाही आणि फतवा कुणावरही बंधनकारक नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की दारुल कझा चालवणं किंवा फतवा देणं हा काही गुन्हा नाही. म्हणजे ती बंद करा, ही मागणी फेटाळली आणि तिला कोर्ट समजा, हेही नाकारलं. ती याचिका उभी राहिली त्यामागे उत्तर प्रदेशातली एक घटना होती. सासऱ्याने अत्याचार केलेल्या एका बाईचं लग्नच संपलं, असा फतवा निघाला होता आणि तो मागितला होता एका पत्रकाराने. तिने नाही, तिच्या नवऱ्यानेही नाही. म्हणून न्यायालयाने बजावलं की ज्याच्या हक्काचा किंवा नात्याचा प्रश्न आहे त्याने स्वतः विचारल्याशिवाय, किंवा तो असमर्थ असेल तर त्याच्या हितसंबंधी माणसाने विचारल्याशिवाय, असा फतवा देऊ नये.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी थेट पोटगीच्या प्रकरणात. काझींचं कोर्ट म्हणा, दारुल कझा म्हणा, शरिया कोर्ट म्हणा, नाव कुठलंही असो, कायद्यात त्याला मान्यता नाही. त्याचा निवाडा टिकतो तो एकाच रीतीने. दोन्ही बाजूंनी तो आपणहून मान्य केला, त्याप्रमाणे वागले आणि तसं वागणं दुसऱ्या कुठल्या कायद्याच्या आड येत नसेल तर. म्हणजे काझींच्या निवाड्यात जोर येतो तो तुमच्या ‘कबूल’मुळे. तुम्ही अजून कबूल म्हटलेलं नाही, असं मी धरून चालते. या धरून चालण्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

अब्बांच्या प्रश्नात तथ्य आहे. मलेशियात प्रत्येक राज्याची शरिया न्यायालयं आहेत आणि १९८८च्या घटनादुरुस्तीनंतर त्यांच्या कक्षेतल्या बाबींत तिथली दिवाणी न्यायालयं हात घालू शकत नाहीत. केनियाच्या २०१०च्या राज्यघटनेत काझी न्यायालयं आहेत, पण दोन्ही पक्ष मुस्लिम असले आणि दोघांनीही त्या न्यायालयाचा अधिकार मानला तरच. इंग्लंडमधल्या शरिया कौन्सिलांना मात्र न्यायालयाचा दर्जा नाही, त्या आपल्या दारुल कझासारख्याच. तेव्हा देशागणिक रीत वेगळी. आणि जिथे काझी सरकारी आहे तिथे तो सरकारने नेमलेला, पगारी, नियमांनी बांधलेला आणि ज्याच्या निकालावर अपील करता येतं असा असतो. तो अधिकार हवा असेल तर ती बंधनंही आली. आपल्याकडच्या काझींवर ती नाहीत, म्हणून तो अधिकारही नाही.

आपल्याकडे हे असं का झालं, ते अब्बांना आवर्जून सांगा, कारण ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १७७२ पासून कंपनीच्या कोर्टांत इंग्रज न्यायाधीशाच्या शेजारी मौलवी बसत. मुसलमानांच्या लग्न-वारशाच्या खटल्यात शरियत काय म्हणते ते मौलवींनी सांगायचं आणि निकाल साहेबाने द्यायचा. १८६४ मध्ये ही पदंच रद्द झाली. मग निकाह लावायला, नोंदी ठेवायला काझी मिळेनात अशी ओरड झाली, तेव्हा १८८०चा काझी कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात साफ लिहिलंय की या कायद्याने काझीला कुठलाही न्यायिक किंवा प्रशासकीय अधिकार मिळत नाही. पुढे १९३७च्या शरियत कायद्याने लग्न, तलाक, खुला, मेहर, पोटगी, वारसा या बाबतीत मुसलमानांना शरियत लागू केली. त्यातही काझींचं कोर्ट आलं नाहीच. कायदा शरियतचा आणि तो लावणार सरकारी न्यायाधीश, अशी ही विभागणी आहे.

खरी गंमत १९३९ची. हनफी मतानुसार नवरा खर्च देत नसला, छळत असला, तरी बायकोला त्या कारणावरून निकाह तोडून मागायला जवळजवळ वाव नव्हता. पंजाबात काही बायका सुटका व्हावी म्हणून धर्म सोडू लागल्या. धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो, असं मानलं जाई. मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या कट्टर हनफी विद्वानांनी तेव्हा तोडगा काढला. या प्रश्नापुरतं मालिकी, म्हणजे सुन्नींच्याच दुसऱ्या पंथाचं, मत घ्यायचं. त्यात बाईला बरीच दारं उघडी होती. त्यातूनच मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, १९३९ उभा राहिला. उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, आणखी एक मागणी होती. हे खटले फक्त मुस्लिम न्यायाधीशाने चालवावेत. विधेयक मंजूर होताना ते कलम गळालं. तेव्हापासूनची ही सल आहे. बिगरमुस्लिम न्यायाधीशाने तोडलेला निकाह अल्लाहपुढे तुटतो का, हा प्रश्न अनेक उलेमांनी उघडा ठेवला आणि दारुल कझाची गरज बरीचशी त्यातूनच राहिली. पाटण्याजवळ फुलवारी शरीफमध्ये इमारत-ए-शरिया या संस्थेचं काम तर १९२१ पासून चालू आहे.

म्हणून अब्बांच्या भीतीला मी हसणार नाही. तुमच्यासारख्या नमाजी बाईला कोर्टाची डिक्री (हुकूमनामा) हातात आल्यावरही रात्री झोप लागणार नसेल, तर दारुल कझाचं तुमच्या आयुष्यात काम आहे. माझ्या अनुभवात तिथे जाणाऱ्यांत बायकाच जास्त दिसतात. साहजिक आहे. पुरुषाला तलाक स्वतः देता येतो, बाईला कुणाकडे तरी जावं लागतं. खर्च कमी, भाषा ओळखीची, आणि चांगला काझी असेल तर नवऱ्याला दोन शब्द असे सुनावतो की न्यायाधीश कधी सुनावणार नाही.

आता तुमच्या कागदात काय आहे ते बघू. मला त्यातल्या फैसल्यापेक्षा त्यात काय नाही हे जास्त खटकलं.

त्यात तुमच्यापुढे दोनच वाटा ठेवल्यात. नांदायला जा, नाहीतर मेहर सोडून खुला घ्या. तिसरी वाट आहे, फस्ख. नवऱ्याच्या चुकीवरून काझीने किंवा कोर्टाने निकाह तोडणं. खुल्यात बाई स्वतः सुटका मागते आणि बदल्यात बहुधा मेहर परत करते किंवा माफ करते. फस्खमध्ये चूक नवऱ्याची असते, तिथे मेहर सोडण्याचा प्रश्न येत नाही. १९३९च्या कायद्याचं पाचवं कलम तेच सांगतं, या कायद्याखाली निकाह तुटला तरी मेहरवरचा हक्क शाबूत राहतो. आणि खुल्याच्या बाबतीतही, त्रास नवऱ्याकडून असेल तर त्याने बदल्यात काही घेणं हनफी फिकहात, म्हणजे धर्मशास्त्रात, मकरूह (नापसंत) मानलंय. तेव्हा मारहाण त्याची, खर्च बंद त्याचा आणि मेहर सोडायची तुम्ही, हे तुमच्या अब्बांच्या काझीसाहेबांना त्यांच्याच किताबातून विचारता येईल.

मुलीचं तर उघडच चुकलंय. हनफी मतात सात वर्षांची मर्यादा मुलासाठी आहे. मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. कागद लिहिणाऱ्याने बेटा आणि बेटी यांत गफलत केली की काय, देव जाणे. पण फिकह बाजूला ठेवलं तरी मुलाचा ताबा ठरवायचा अधिकार कोर्टाचाच, आणि १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली तिथे आधी पाहिलं जातं ते मुलाचं हित. दोघांनी लिहून दिलं तरी न्यायाधीश ते तपासून बघतो.

राहिलं ‘नाशिझा’. हा शब्द फार घाबरवतो. नवऱ्याची अवज्ञा करणारी, म्हणून खर्चाला मुकलेली. आपल्या कायद्यातही पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याकडे राहायला नकार देणाऱ्या बायकोला पोटगी नाकारता येते. पण मारहाण हे पुरेसं कारण आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलंय की खऱ्याखुऱ्या कोर्टाने ‘नांदायला जा’ अशी डिक्री दिली आणि बायको गेली नाही, तरी तेवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही. न जाण्याचं कारण तपासावंच लागतं. जिथे कोर्टाच्या डिक्रीची ही गत, तिथे या कागदाने तुमचा खर्च कसा बुडेल?

करायचं काय?

पहिलं काम पोटगीचा अर्ज, आणि त्यासाठी दारुल कझाच्या कुठल्याही तारखेची वाट पाहायची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ कलम, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५. तुम्ही माहेरी जिथे राहता तिथेच अर्ज करता येतो, नवऱ्याच्या गावी जायला नको. मुलीसाठी वेगळी रक्कम मागा. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज सोबतच द्या. तो शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढायचा असतो. ‘शक्यतो’ हा शब्द कायद्यातलाच आहे, त्यामुळे फार आशा बांधू नका. पण २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, म्हणून अर्ज करायला केलेला उशीर तुमच्याच खिशातून जातो. उद्या चिडून त्याने तलाक दिला तरी घाबरू नका. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९च्या कायद्याने निरर्थक आहे, गुन्हाही आहे. रीतसर तलाक झाला तरी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला या कलमाखाली पोटगी मागता येते, हे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलंय.

वकिलाची फी हा अडसर असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे बाईला मोफत वकील मिळतो, आणि स्त्रियांसाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा फोन नंबर.

फस्खचा दावा त्यानंतर. नवऱ्याने २ वर्षं खर्च दिला नाही हे १९३९च्या कायद्यातलं स्वतंत्र कारण आहे, तुमचे १९ महिने झालेत. क्रूरतेचं कारण आजही लावता येईल. दवाखान्याचे कागद, फोनवरचे संदेश असतील तर तुमचा वकील पाच महिने थांबायला सांगणार नाही. ‘ती स्वतःच निघून गेली, मग खर्च कशाला द्यायचा’ असं नवरा म्हणणारच. १९७० मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यापुढे नेमका हा मुद्दा आला होता. त्यांनी ठरवलं की २ वर्षं खर्च दिला नाही एवढं पुरेसं आहे, कारण काही का असेना. तो निकाल आपल्या उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, पण वकिलाच्या हातात असू द्या.

आणि याच सुमारास, स्वतःच्या नावाने, त्याच दारुल कझामध्ये फस्खचा अर्ज करा. हो, तिथेच. आतापर्यंत तिथे त्याचा प्रश्न चालला होता, तुमचा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. नवरा खर्च देत नाही या कारणावरून फस्ख दारुल कझाही करतात. कोर्टाची डिक्री पासपोर्टला, शाळेला, दुसऱ्या निकाहाला लागेल. काझींचा कागद तुमच्या आणि अब्बांच्या मनाला लागेल. नुसत्या काझींच्या कागदावर मात्र विसंबू नका. बाईने कोर्टाबाहेर घेतलेला खुला केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केला, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका शरियत कौन्सिलने दिलेलं खुल्याचं प्रमाणपत्र रद्द केलं आणि बाईला कौटुंबिक न्यायालयाची वाट दाखवली. राज्य बदललं की उत्तर बदलतं. अशा जागी तुमच्या आयुष्याचा प्रयोग नको.

मेहरबद्दल एक बारीक गोष्ट. निकाहनामा काढून बघा, मेहर लगेच द्यायची आहे की नंतर. उर्दूत दोन्ही शब्द वेगळ्या अक्षरांनी लिहितात, पण देवनागरीत लिहिलं की दोन्ही ‘मुअज्जल’च दिसतात. यावर वकील तासभर भांडू शकतात. उर्दू प्रत असेल तर तीच जपून ठेवा.

जमातीच्या धमकीचं उत्तर महाराष्ट्रात तरी सोपं आहे. २०१६चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा फक्त जातपंचायतींसाठी आहे, असं लोक समजतात. त्यातली ‘समुदाय’ची व्याख्या एका धर्माच्या लोकांनाही धरते. मयतीला जाऊ नका, बोलू नका असं कुणी फर्मान काढलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार लगेच करा असं नाही म्हणत. ते दोघे-तिघे पुन्हा आले, तर कोण आले, कधी आले, काय बोलले ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा. वहीत नाव गेलंय हे कळलं की अर्ध्यांचा आवाज खाली येतो.

आता तो कागद का फाडायचा नाही ते सांगते. वकिलीच्या सुरुवातीला माझ्याकडे एक बाई असाच कागद घेऊन आली. मी तोऱ्यात सांगितलं, याला काही किंमत नाही, घरी ठेवा. खटला उभा राहिल्यावर समोरच्या वकिलाने त्याच दारुल कझातला एक समझोता पुढे केला. त्याखाली तिची सही. ‘मी आपल्या मर्जीने घर सोडलं’ असं एक वाक्य उर्दूत होतं. तिला उर्दू वाचता येत नव्हतं. फैसला रद्दी असला तरी तुमच्या सहीचं वाक्य रद्दी नसतं, त्याचा पुरावा म्हणून वापर होऊ शकतो. तिची पोटगी मिळवायला आम्हाला दुप्पट वेळ लागला. वर सांगितलेल्या फेब्रुवारी २०२५च्या प्रकरणातही हेच झालं होतं. कौटुंबिक न्यायालयाने अशाच एका समझोत्यातून बाईने चूक कबूल केली असा अर्थ काढला आणि पोटगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने तो समझोता वाचला, त्यात तसली कबुली नव्हतीच, आणि दरमहा ४,००० रुपये अर्जाच्या तारखेपासून मंजूर केले. पण तिथवर पोचायला तिला किती वर्षं घालवावी लागली, त्याचा विचार करा.

म्हणून माझा तुम्हाला प्रश्न आहे. पहिल्या तारखेला तुम्ही गेलात, तेव्हा कशावर सही केलीत? हजेरीवर? जबाबावर? ‘जो फैसला होईल तो मंजूर’ अशा एखाद्या छापील अर्जावर? तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही, आणि बहुतेकांना आठवतही नाही. त्या दिवसाच्या सगळ्या कागदांच्या नकला मागवा, उर्दू वाचणाऱ्या विश्वासू माणसाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या आणि मगच वकिलाकडे जा. नकला आणायला भावाला पाठवू नका, तो भांडून येईल. अब्बांना पाठवा. काझीसाहेब त्यांना नाही म्हणणार नाहीत.